पंख्याची वाटी खाली करून बघा

आमच्या बैठकीतला पंखा अकरा उन्हाळे चालला आणि बाराव्या उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका दुपारी, खाली आला. जेवणं उरकून मंडळी आतल्या खोलीत कूलरपुढं सरकली होती, म्हणून त्याच्याखाली कोणी सापडलं नाही. मोटार सतरंजीवर, एक पातं काटकोनात वाकलेलं, आणि वर छताला दांडी तशीच लोंबतेय. हुक शाबूत होता, स्लॅबला साधा चराही नव्हता. दांडी जिथं मोटारीला जोडतात तिथला आडवा बोल्ट तेवढा घसरून निघून गेला होता. बोल्ट कोपऱ्यात सापडला. त्याच्या टोकाच्या भोकात पिनेऐवजी वायरचा एक तुकडा पिळून घातलेला होता, तोही झिजून तुटलेला. पंखा बसवताना स्टूल धरून खाली मीच उभा होतो. त्या भोकात काय जातंय ते बघायचं मला तेव्हा सुचलं नाही.

पंखा घेताना आपण रंग बघतो, पाती बघतो, दुकानदाराकडून चालवून वारा अंगावर घेऊन बघतो. घरी आल्यावर तो ज्या वीतभर जागेवर वर्षानुवर्षं लटकणार असतो ती जागा मात्र दोन प्लास्टिकच्या वाट्यांआड झाकली जाते: एक छताला टेकलेली, दुसरी मोटारीच्या डोक्यावर. या लेखात मला जे सांगायचं आहे ते बहुतेक या दोन वाट्यांच्या आतलं आहे.

आधी पंखा फिरतो कसा ते थोडक्यात, कारण त्यावरून पुढची निम्मी दुखणी कळतात. टेबल पंख्यात आतला दांडा फिरतो. छताच्या पंख्यात उलट असतं. तांब्याच्या तारेची वेटोळी असलेला आतला भाग दांडीला जखडलेला असतो आणि बाहेरची गोल टोपी, जिला पाती लावतात, ती त्याच्याभोवती फिरते. वेटोळी दोन असतात. आपल्या घरात येणारी वीज एकाच फेजची. तिच्या जोरावर पंखा गुरगुरेल, पण आपणहून कोणत्या बाजूला फिरायचं हे त्याला कळणार नाही. म्हणून एका वेटोळ्याला जोडून एक छोटी डबी लावतात. शास्त्रात तिला कपॅसिटर म्हणतात, परभणीच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात तिचं नाव कंडेन्सर. ती त्या वेटोळ्यातला प्रवाह जरा पुढं सरकवते, दोन्ही वेटोळ्यांचा मिळून फिरता चुंबकीय जोर तयार होतो आणि टोपी त्याच्यामागं धावते. नेहमीच्या ४८ इंची, म्हणजे १२०० मिलिमीटरच्या, पंख्याला अडीच मायक्रोफॅरडचा कंडेन्सर बहुधा चालतो. तरी जुन्यावर छापलेला आकडा वाचून तेवढ्याचाच आणावा. जास्त घातला की वारा वाढतो हा गैरसमज आहे. वाढते ती वाइंडिंगची, म्हणजे वेटोळ्यांची, उष्णता.

पंखा हळू झाला असेल तर पहिला संशय या कंडेन्सरवर घ्यावा. उन्हाळ्यात छताखालची हवा तापलेली असते, डबी वाटीत कोंडलेली असते, दोन-चार वर्षांत तिचा दम कमी होतो. बटण दाबल्यावर पंखा नुसता गुरगुरत असेल आणि कोणीतरी झाडूच्या दांड्यानं ढकलल्यावर सुरू होत असेल, तर तो रोग हाच. ढकलून चालवणं मात्र बंद करा. जागच्या जागी अडकलेल्या मोटारीत वाइंडिंग तापत राहतं, आणि पन्नास-साठ रुपयांच्या कंडेन्सरचं काम नव्या वाइंडिंगवर जातं. नवा कंडेन्सर लावल्यावर पंखा फिरतोय पण वारा लागत नाही, असं झालं तर खाली उभं राहून बघा. आपल्याकडचे पंखे खालून पाहिल्यावर घड्याळाच्या उलट दिशेनं फिरतात. तो घड्याळासारखा फिरत असेल तर वायरी उलट लागल्या आहेत, आणि पंखा वारा छताकडं फेकतोय.

संध्याकाळी सगळेच पंखे मंदावत असतील तर दोष कंडेन्सरचा नाही, व्होल्टेजचा. मोटारीची ओढ व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले की ओढ जवळपास चाळीस टक्क्यांनी कमी होते. खेड्यात पंप चालू असताना हा अनुभव रोजचा.

आता बसवण्याकडं येतो. परभणी जिल्ह्यात तीन तऱ्हेची छतं आहेत आणि प्रत्येकाचा पंखा वेगळा विचार मागतो.

स्लॅबच्या घरात कॉंक्रीट ओतण्याआधीच फॅन बॉक्स ठेवतात आणि त्यातली वाकवलेली सळई वरच्या लोखंडाला बांधतात. घर बांधत असाल तर सेंट्रिंगवर त्या दिवशी स्वतः चढा आणि प्रत्येक बॉक्समधली सळई बांधलेली आहे का ते हातानं ओढून बघा. नुसता बॉक्स ठेवून सळई सुटी सोडलेली मी पाहिली आहे. जुन्या स्लॅबला नवा हुक लावायचा असेल तर ड्रिल करून अँकर बोल्ट लावावा. भोक गिलाव्यापुरतं न राहता कॉंक्रीटमध्ये खोल गेलं पाहिजे. लाकडी गुट्टी ठोकून त्यात स्क्रू पिळणं ट्यूबलाइटच्या पट्टीला ठीक, पंख्याला अजिबात नाही. पीओपीचं छत केलं असेल तर लांब दांडी घेऊन पंखा मूळ स्लॅबलाच टांगायचा. पीओपी स्वतःचंच वजन कसंबसं धरतं.

हुक नवा असो की जुना, पंखा टांगण्याआधी एक साधी परीक्षा घ्या. पंधरा लिटरच्या दोन भरलेल्या बादल्या दोरीनं त्याला लटकवा आणि अर्धा तास तशाच ठेवा. पंखा चार-पाच किलोचा असतो, बादल्यांचा भार तीस किलोच्या वर जातो. इतकं जास्त का, तर पंखा नुसता लटकत नाही, दिवसाचे पंधरा-सोळा तास हलत लटकतो, आणि मे महिन्यात रात्रंदिवस. बादल्या बांधल्यावर त्यांच्याखाली कोणी थांबायचं नाही.

माळवदाची घरं आता कमी होत चालली असली तरी गंगाखेड, पाथरी, सेलूच्या जुन्या वस्तीत आहेत, आणि उन्हाळ्यात त्यांच्यासारखा गारवा स्लॅबला कधी येणार नाही. वर पांढऱ्या मातीचा थर, खाली लाकडी कड्या, कड्या पेलणारी तुळई. पंखा कडीला न लावता तुळईलाच लावावा. आणि आधी पेचकस घेऊन तुळई जागोजाग टोचून बघावी. पेचकस लाकडात सहज आत गेला किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे. वरून चांगली तेलपाणी केलेली तुळई आतून भुसा झालेली असू शकते. चांगल्या तुळईलाही नुसता पेचाचा हुक पिळू नये. लोखंडी पट्टीचा क्लॅम्प तुळईभोवती फिरवून दोन्ही बाजूंनी बोल्टनं आवळावा आणि त्याला पंखा टांगावा. माळवदात अजून एक सवय असते: पंख्याच्याच हुकाला बाळाची झोळी बांधायची. झोळीला वेगळी जागा शोधा, भले ती दोन हात दूर असेल.

पत्र्याच्या घराचं मोठं दुखणं उंचीचं. पाती जमिनीपासून किमान आठ फुटांवर हवीत, वर छतापासून फूटभर खाली, आणि भिंतीपासून दीड-दोन फूट मोकळी. पत्र्याचं छत उतारावर बऱ्याच घरांत साडेसात-आठ फुटांवरच असतं. तिथं दांडी कापून पंखा पत्र्याला चिकटवला तर वारा वरून ओढायला जागाच राहत नाही, आणि वर धरलेल्या लेकराचा हात किंवा पाव्हण्याचा फेटा पात्यात जातो. अशा घरात छताच्या पंख्याचा हट्ट सोडावा. जाळीचा भिंतीवरचा पंखा त्याहून स्वस्त पडतो आणि वाराही नेमका अंगावर देतो. उंची पुरेशी असेल तर पंखा लोखंडी अँगलला बोल्टनं लावा, पत्र्याच्या जे-हुकला तार बांधून नव्हे. आणि पत्र्याच्या घरात अर्थिंग व तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्वीच) बसवल्याशिवाय पंखा लावूच नका. वायरचं आवरण कुठं सोललं तर अँगल, पत्रा, कपडे वाळत घालायची तार, दाराची चौकट, सगळ्यात एकदम करंट उतरतो.

अर्थिंगवरून आठवलं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डाही तसाच कोरडा पडतो. मातीनं लोखंडाला धरलेलं असेल तरच अर्थिंग काम करतं. फाल्गुनापासून मृगापर्यंत आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. धुण्याचं पाणी चालेल.

प्रत्यक्ष काम सुरू करण्याआधीची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि आपल्याकडं नेमकी तीच चुकते. "लाईट गेलीच आहे, तोवर पंखा खाली घेऊ," असं म्हणत माणूस स्टुलावर चढतो. लाईट कधीही येते. त्याहून वाईट म्हणजे घरात इन्व्हर्टर असेल तर लाईट गेलेलीच नसते: पंख्याच्या वायरीत इन्व्हर्टरचे २३० व्होल्ट तसेच उभे असतात. मेन स्वीच खाली ओढला तरी इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो आपलं काम चोख बजावतो. म्हणून आधी मेन बंद, मग इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद, मग टेस्टरनं पंख्याच्या दोन्ही वायरी तपासायच्या, आणि हे सगळं करण्याआधी तो टेस्टर चालू सॉकेटमध्ये घालून पेटतो का ते बघायचं. नुसतं भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण फेजऐवजी न्यूट्रलवर घातलेलं सर्रास सापडतं. पंखा थांबतो, फेज मात्र वर जिवंत राहतो. कंडेन्सरमध्येही थोडा साठा उरलेला असतो. तो जीव घेणार नाही, पण झटका बसून तुम्ही स्टुलावरून पडाल. स्टूल म्हणजे घडीची लाकडी शिडी असं वाचा. खुर्चीवर पाट ठेवून चढणाऱ्यांना मी काही सांगत नाही, त्यांना पडल्यावर कळतं.

खरं तर वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. तुम्ही खाली उभं राहून काय बघायचं, ते सांगतो.

दांडीला दोन टोकं. वरच्या टोकाला रबराची रीळ असते, ती हुकात बसते. हे रबर म्हणजे शोभेची वस्तू नाही. हलणं आणि आवाज स्लॅबपर्यंत जाऊ नये म्हणून ते असतं, आणि दहा उन्हाळ्यांत ते पापडासारखं तडकतं. खालच्या टोकाला दांडी मोटारीच्या मानेत जाते आणि आडवा बोल्ट दोघांना आरपार शिवतो. दोन्ही ठिकाणी बोल्ट, त्यावर वॉशर, नट, आणि बोल्टच्या टोकाला बारीक भोक. त्या भोकात बायकांच्या केसांच्या आकड्यासारखी दुहेरी पिन जाते. आत घातल्यावर तिचे दोन्ही पाय पक्कडीनं उलट्या दिशांना वाकवायचे. दुकानात तिला स्प्लिट पिन म्हणतात. नट कितीही आवळला तरी हलून हलून ढिला होतो, तो गळून पडू नये म्हणून ही पिन पहारा देते. खोक्यात ती छोट्या प्लास्टिकच्या पुडीत येते आणि घाईत पुडीसकट कचऱ्यात जाते. वायरमननं वाटी सरकवण्याआधी, "मामा, थांबा, पिना दाखवा," असं म्हणायला लाजू नका. मोबाइलनं दोन्ही ठिकाणचा फोटो काढून ठेवा. काही नव्या पंख्यांबरोबर बारीक पोलादी दोरही येतो. तो हुकाऐवजी छतातल्या दुसऱ्या आधाराला अडकवायचा असतो, म्हणजे दांडी सुटली तरी पंखा हवेतच राहतो. असला तर लावाच.

वायर जोडताना दांडीच्या तोंडाशी तिला थोडा सैलपणा हवा, ताणलेली वायर कडेवर घासून सोलली जाते. हिरवी वायर अर्थिंगची. "तिची गरज नसते," असं कोणी म्हणालं तर त्याला पुन्हा बोलावू नका.

मग पाती. एका पंख्याची पाती वजनानं जुळवून दिलेली असतात, म्हणून दोन खोल्यांचे पंखे एकदम धुवायला काढले तर पात्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. पेन्सिलीनं खूण करा. पंखा डुलायला लागला की लोक हुकाला दोष देतात. आधी पट्टी घ्या, पंखा बंद ठेवून छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. एखादं पातं पाव इंचाहून जास्त खाली-वर असेल तर त्याचा ब्रॅकेट वाकलाय. पुसताना पातं खाली दाबल्यानं बहुधा हे होतं, म्हणून पातं एका हातानं खालून धरून दुसऱ्यानं पुसावं. अंतरं सारखी असूनही डुलत असेल तर एकेका पात्यावर वरच्या बाजूनं रुपयाचं नाणं चिकटपट्टीनं लावून बघा. ज्या पात्यावर डुलणं थांबेल तिथं ते पक्कं करा. घरघर येत असेल तर मात्र नाण्यानं भागणार नाही. ते बेअरिंग गेलंय, आणि त्यात खोबरेल तेल सोडल्यानं आठवडाभर बरं वाटून मग जास्त बिघडतं.

या भागातल्या घरांना एक धोका शहरातल्या लेखांत सापडणार नाही. भाव वाढेल म्हणून सेलू-मानवतच्या बाजारात न नेता कापूस घरातच रचून ठेवला जातो, कधी पार छताला टेकेपर्यंत. त्या खोलीतला पंखा चालू करू नये, रेग्युलेटरला हात लावू नये. जमलं तर त्या खोलीचा एमसीबीच पाडून ठेवावा. ढिल्या जोडातली एक ठिणगी कापसाला पुरते. कापूस विकून खोली रिकामी झाली की पंखा उतरवून मोटारीच्या फटींत बसलेली सरकी-रुई ब्रशनं काढून मगच चालवा, नाहीतर मोटारीला श्वास घ्यायला वाव राहत नाही.

आणखी एक प्रसंग ओळखून ठेवा. रात्री अचानक बल्ब लख्ख पेटतात, पंखा वाऱ्यासारखा सुटतो आणि शेजारच्या घरात मात्र दिवे मिणमिणतात. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटलेली असते, आणि २३० ऐवजी कितीतरी जास्त व्होल्ट तुमच्या घरात शिरत असतात. पंखा किती जोरात फिरतोय याचं कौतुक करत बसू नका. धावत जाऊन मेन पाडा, शेजाऱ्यांना हाक द्या आणि महावितरणला १९१२ वर कळवा. स्वतः डीपीपाशी जायचं नाही.

नवा पंखा कोणता घ्यावा हे सगळेच विचारतात. साधा पंखा ७० ते ७५ वॉट खातो, बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटारीचा, २८ ते ३५. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीसेक युनिटचा फरक पडतो. जिंतूर तालुक्यात येलदरीच्या धरणावर साडेबावीस मेगावॅटचं वीजघर आहे. ते पूर्ण भरात चाललं तरी साधे पंखे तीन लाखच फिरतील, बीएलडीसी साडेसात लाख. आणि २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची वस्ती १८ लाख ३६ हजार होती. इन्व्हर्टर असणाऱ्या घरात तर प्रश्नच नाही: ज्या बॅटरीवर चार साधे पंखे चार तास चालतात, तिच्यावर चार बीएलडीसी दहा तास काढतात. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित लेबल बंधनकारक आहे, ते बघून घ्या. बीएलडीसीला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून वायर थेट जोडावी लागते. माझं मत विचाराल तर व्होल्टेजचा फार धिंगाणा असलेल्या गावात एका खोलीत तरी साधा पंखा राहू द्यावा. बीएलडीसीचं कार्ड जळलं तर ते तालुक्यालाही मिळेलच असं नाही. साध्याचा कंडेन्सर बसस्टँडसमोर मिळतो.

पंखा हवा गार करत नाही, अंगावरचा घाम उडवून आपल्याला गार करतो. रिकाम्या खोलीत त्याला फिरवत ठेवण्यात म्हणून काही अर्थ नाही. आणि परभणीत पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा याची दुसरी बाजू कळते. हवा चाळीस अंशांच्या वर गेली की पंखा उलट अंग तापवतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्र्याखाली तर तापलेली हवाच तो खाली ढकलतो. त्या वेळेला म्हाताऱ्या माणसांना आणि तान्ह्या लेकरांना नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. ओल्या फडक्यानं अंग पुसत राहा, पाणी पाजत राहा, आणि शक्य असेल तर माळवदाच्या किंवा झाडाच्या सावलीला हलवा.

यंदा होळीची साफसफाई काढाल तेव्हा मेन आणि इन्व्हर्टर बंद करून प्रत्येक पंख्याच्या दोन्ही वाट्या सरकवा आणि वर-खाली प्रत्येक बोल्टला पिन आहे का ते बघा. एखादी नसेल तर तो पंखा त्या दिवशी बंद ठेवा आणि जुना बोल्ट खिशात घालूनच दुकानात जा, म्हणजे मापाची पिन मिळेल. ती चार-पाच रुपयांना येते.